राख, राखण आणि माझी आत्या

माझी आत्या एकवीस वर्षं विद्युतदाहिनीत नोकरीला होती, रक्षा देण्याच्या खिडकीवर. आमच्या घरात हे वाक्य पुरं कधी कोणी बोललं नाही. कुणी विचारलंच तर बाबा म्हणायचे, "माझी बहीण नगरपालिकेत आहे," आणि लगेच समोरच्याला चहा घेणार का म्हणून विचारायचे. चहा आला की विषय बुडायचा.

ती तिथं हौसेनं गेली नव्हती. आधी ती शर्टांच्या कारखान्यात होती, कॉलर शिवायची. एकाच वर्षात कारखान्याला टाळं लागलं आणि आत्याचे यजमान अपघातात गेले. मूलबाळ नव्हतं. नगरपालिकेत लिपिक-मदतनीसाची जागा निघाली आणि तिनं अर्ज केला. जागा कुठल्या खात्यात आहे ते जाहिरातीत लिहायचं कुणाला तरी सुचलं नव्हतं. रुजू व्हायच्या दिवशी पत्ता हातात पडला तेव्हा कळलं.

तिथले साहेब अवघडले होते. म्हणाले, "या कामावर आजवर बाई कुणी आलेली नाही. नको असेल तर आत्ताच सांगा, मी वर कळवतो."

आत्यानं विचारलं, "बसायला खुर्ची आहे का?"

"आहे."

"मग बसते."

कारखान्यात तिनं बारा वर्षं पाठ नसलेल्या स्टुलावर काढली होती.

काम असं होतं. दहन संपलं की भट्टीवाले काका लांब दांड्याच्या फावड्यानं सगळं पुढच्या लोखंडी ट्रेमध्ये ओढायचे. ट्रे तासभर निवायचा आणि मग आत्याच्या टेबलावर यायचा. ती आधी लोहचुंबक फिरवायची. खिळे, स्क्रू, एखादं बक्कल त्याला चिकटून यायचं. मग चाळण. मोठे तुकडे छोट्या दळणयंत्रातून काढायचे आणि सगळं पत्र्याच्या नरसाळ्यातून पांढऱ्या डब्यात भरायचं. प्रत्येक दहनाच्या वेळी नंबर ठोकलेला स्टीलचा बिल्ला आत जायचा आणि तोच बिल्ला राखेबरोबर बाहेर यायचा. वहीतला नंबर, बिल्ल्यावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर, तिन्ही जुळल्याशिवाय आत्या झाकण लावायची नाही. एकवीस वर्षांत एकही डबा इकडचा तिकडे झाला नाही. हे ती आजही सांगते, आणि सांगताना तिची मान आपोआप ताठ होते.

डबा खिडकीतून सरकवायची तिथली पद्धत होती. आत्यानं ती पहिल्याच आठवड्यात मोडली. "बिस्किटाचा पुडा आहे का सरकवायला?" असं ती साहेबांना म्हणाली. ती बाजूच्या दारानं बाहेर यायची, माणसासमोर उभी राहायची आणि डबा दोन्ही हातांनी त्याच्या हातात द्यायची. माणसानं नीट धरलाय अशी खात्री झाली की मगच सोडायची.

बाहेर मात्र तिच्या या कामाचं कौतुक कुणाला नव्हतं. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात बसणाऱ्या टोळक्यानं तिचं नाव 'राखवाली' ठेवलं होतं. ती गेली की मागून हाक यायची, ऐकू जाईल एवढीच. आमच्या घरात आईनं तिचा कप वेगळा ठेवला होता, निळ्या काठाचा. आत्याला तोच आवडतो असं आईनं आम्हाला सांगितलं होतं. आत्यालाही तिनं तसंच सांगितलं होतं. आत्या त्यातून चहा प्यायची आणि कप स्वतः विसळून जागेवर ठेवायची.

नऊ वर्षं अशी गेली. दहाव्या वर्षी तो गवंडी आला.

सकाळची अकराची वेळ होती. माणूस पन्नाशीचा, एकटाच. नखांत सिमेंट सुकलेलं, शर्ट मात्र इस्त्रीचा. त्याची बायको गेली होती. आत्यानं नेहमीसारखा डबा आणला, दोन्ही हातांनी पुढे केला. त्यानं घेतला नाही. वरची चिठ्ठी वाचत राहिला. चिठ्ठीवर नाव, तारीख, नंबर आणि सगळ्यांच्या वर ठळक अक्षरात एक शब्द असायचा, 'रक्षा'.

"हे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"रक्षा. तुमच्या मंडळींची."

"रक्षा म्हणजे?"

"म्हणजे राखच की."

"मग राख लिहा. रक्षा म्हणजे रक्षण, एवढं मलाही कळतं. इथं कोणाचं रक्षण झालंय?"

त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"हा शब्द का लिहिलाय ते सांगा, बाई. मग मी सही करतो."

'असंच लिहितात' हे उत्तर आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या माणसाकडे बघून तिनं ते गिळलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण शोधून सांगते."

"शोधा. तोवर हिला तुमच्याकडेच राहू दे."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला. आत्या डबा हातात धरून तशीच उभी.

भट्टीवाले काका म्हणाले, "येईल दोन दिवसांत. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, मनावर घेऊ नका."

"काहीबाही नाही बोलला, बरोबर बोलला," आत्या म्हणाली. "नऊ वर्षं मी हा शब्द लिहितेय, दिवसाला चार-पाच वेळा. आणि अर्थ विचारला तर बावळटासारखी उभी राहिले."

दोन दिवस गेले, आठवडा गेला. गवंडी आला नाही. न नेलेली रक्षा नव्वद दिवस ठेवायची आणि मग मागच्या बागेत एकत्र मातीत मिसळायची, असा नियम होता. आत्यानं तो डबा मांडणीच्या मधल्या फळीवर, डोळ्यांसमोर ठेवला. साहेबांना तिनं सगळा प्रकार सांगितला. त्यांना त्यात काही अवघड दिसलं नाही.

"शब्दच बदलून टाकू," ते म्हणाले. "वरून चिठ्ठीचा नवीन नमुना येतोच आहे. त्यात 'अवशेष' असं छापलंय. कुणी अर्थ विचारायला नको."

"अवशेष म्हणजे उरलेलं ना?"

"हो. तेच तर असतं."

"साहेब, उरलेली भाजीही असते. ती आपण झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी टाकतो. माणसाच्या हातात त्याची बायको देताना उरलेलं म्हणायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आत्यानं आधी घराशेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना गाठलं. मास्तरांनी अजिबात वेळ घेतला नाही. "'र' म्हणजे रहित आणि 'क्ष' म्हणजे क्षय," ते म्हणाले. "जिचा क्षय होत नाही ती रक्षा. सोपं आहे." ऐकायला झकास होतं. आत्या धन्यवाद म्हणून बाहेर पडली आणि तशीच आमच्या घरी आली. तिनं मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला नाही पटलं. मास्तर बोलताना सारखे छताकडे बघत होते. माहीत असलेलं माणूस समोर बघून सांगतो."

मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्याकडे वाचनालयाचं कार्ड होतं. गुरुवारी आत्याची सुट्टी असायची, त्या गुरुवारी आम्ही दोघी गेलो. सातवीनंतर आत्या पुस्तकांच्या इतक्या जवळ प्रथमच येत होती. दारात चपला काढाव्यात की काय म्हणून ती क्षणभर घुटमळली. ग्रंथपाल बाई उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आत्यानं त्यांना सरळ सांगितलं, "मी रक्षेच्या खिडकीवर असते. एका माणसाला मी शब्दाचा अर्थ देणं लागते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, टेबलावरचं काम बाजूला सारलं आणि आधी मराठीचा जाड कोश काढला. त्यात दोन अर्थ होते. पहिला रक्षण, सांभाळ. दुसरा राख, त्यातही चितेची.

"हे मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "एकाच शब्दाचे हे दोन अर्थ का, ते हवंय." मग तिनं मास्तरांचा 'रहित' आणि 'क्षय' सांगितला. बाई हसल्या. "छान जुळवलंय. पण शब्द असे तुकडे जोडून बनत नसतात," असं म्हणून त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांत पेलून संस्कृतचा कोश घेऊन आल्या. त्याची पानं पिवळी पडली होती आणि अक्षर मुंगीएवढं होतं. बाईंनी चष्मा लावला, बोट खाली खाली नेलं आणि थांबल्या.

"हे बघा. रक्ष् हा धातू, म्हणजे मूळ. त्याचा अर्थ राखणं, जपणं. त्यावरून रक्षा. आणि रक्षेच्या अर्थांमध्ये इथं राख दिलीय. कारणही दिलंय, वस्तू टिकवायला, जपायला राख वापरतात म्हणून."

"जपायला," आत्या म्हणाली.

"हो. आणि आपला राख हा शब्द त्या रक्षेवरूनच आलाय. आधी रक्षा, मग बोलण्यात रक्खा, मग राख. तोंडातोंडी घासून गुळगुळीत झालेला. राखणं हाही शब्द त्याच मुळाचा."

आत्याच्या समोरच्या भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. ती पाटीकडे बघत होती.

"म्हणजे राखण आधी," ती सावकाश म्हणाली, "आणि तिच्यावरून राखेला नाव पडलं. मान राखतो, लाज राखतो, हातचं राखून ठेवतो, त्यातलंच हे राखणं."

"त्यातलंच."

"पण राख राखते काय, ते लिहिलंय का?"

"तपशील नाही. तेवढा अंदाज आपण करायचा."

"त्याला अंदाज कशाला हवा," आत्या म्हणाली. "माझी आई बियाण्यात राख कालवायची, कीड लागू नये म्हणून. स्वयंपाक उरकला की निखाऱ्यांवर राख ओढायची. सकाळी वरची राख सारून फुंकर घातली की आत विस्तव जिवंत. काडी ओढावी लागायची नाही."

ग्रंथपाल बाईंनी कागद ओढला आणि आत्याचं हे बोलणं लिहून घेतलं. माझ्या आत्याचं बोलणं कुणी कागदावर टिपून घेताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला आठवतं, मी खुर्चीत सरळ बसले होते.

येताना सायकल दुकानावरून यावं लागलं. टोळक्यातली मुलं आता बाप्ये झाली होती, हाक मात्र जुनीच होती. "राखवाली," असं मागून आलं. आत्या थांबली, वळली आणि थेट दुकानदारासमोर जाऊन उभी राहिली. तो पंक्चर काढत होता.

"रखवालदार म्हणजे काय, माहीत आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे की."

"राख आणि रखवालदार, दोन्ही एकाच मुळाचे शब्द. आत्ता पुस्तकात बघून आले. तेव्हा तुम्ही मला म्हणता ते चुकीचं नाही. मी राखते. तुमच्या वडिलांना मी तीन दिवस राखलं होतं, तुम्ही परगावाहून येईपर्यंत. आठवतं?"

त्याला आठवत होतं. त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. "आठवतं, ताई," तो म्हणाला. ती पुढे निघाली. मी तिच्या बरोबरीनं चालायला लागले तर ती मला म्हणाली, "जरा हळू चाल. आणि मागे बघू नकोस."

गवंडी कुठं भेटेल ते तिनं पावतीवहीतल्या पत्त्यावर जाऊन विचारलं. शेजारणीनं सांगितलं, तो शाळेच्या नव्या इमारतीवर आहे. पुढच्या गुरुवारी आत्या तिथं गेली. तो तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्याला कठडा नव्हता आणि तिचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. भिंतीला हात लावत ती वर पोचली तेव्हा तो ओळंबा सोडून भिंत तपासत होता.

तिला बघून तो म्हणाला, "एवढ्या वर कशाला आलात? निरोप द्यायचा."

"निरोपात मावणारं नव्हतं," आत्या म्हणाली आणि विटांच्या थप्पीवर बसली. दम खाऊन तिनं त्याला सगळं सांगितलं. कोश, रक्ष्, रक्खा, राख, बियाणं, निखारे. तो थापी हातात धरून ऐकत होता. सिमेंटचा मसाला घमेल्यात घट्ट होत चालला होता, तरी त्यानं तिला मधे तोडलं नाही.

शेवटी म्हणाला, "हे खरं आहे? की माझी समजूत काढताय?"

"कोशात आहे. पान दाखवते, चला. बियाण्याचं आणि निखाऱ्याचं मात्र माझ्या आईचं आहे."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. बायकोची किडनी गेली होती. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. प्रत्येक वेळी तो तिला पाठुंगळी घेऊन उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. "ज्या दिवशी गेली त्या दिवशी मी कामावर होतो," तो म्हणाला. "शेजारणीच्या मांडीवर गेली. माझ्याच्यानं तिला राखवलं नाही. आणि तुम्ही डब्यावर रक्षा लिहून देता. माझं डोकं फिरलं."

"तीन वर्षं पाठीवर घेतलंत ते काय होतं मग?" आत्यानं विचारलं.

तो पाठ फिरवून थापीनं घमेल्यातला मसाला उगाचच ढवळत राहिला.

"तिचं आता काय व्हायचं?" त्यानं विचारलं. "ती कोणाला राखणार?"

"ते कोशात नव्हतं," आत्या म्हणाली. "मला वाटतं ते सांगू का? आता तिला सुई टोचायची नाही, जिना उतरायचा नाही. तिला आता काही होत नाही. आपण फक्त जपून न्यायचं. एवढंच मला नऊ वर्षांत कळलंय."

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला तो खिडकीवर हजर. त्यानं सही केली. आत्या बाहेर आली, डबा दिला. तो तिथंच उभा राहिला.

"काल सांगितलंत ते लिहून द्याल?" तो म्हणाला. "मुलगी लांब असते. तिला आईपाशी पोचता आलं नाही. तिला पाठवतो."

आत्यानं पावतीपुस्तकातला कोरा कागद घेतला आणि लिहिलं. त्याची नक्कल मी पुढे जपून ठेवली, ती अशी: 'रक्षा म्हणजे राख. रक्ष् म्हणजे राखणे, जपणे. राख हा शब्द रक्षा या शब्दावरून आला. पूर्वी राख वस्तू जपायला वापरत. बियाण्याला किड लागू नये म्हणून ती लावत, निखारा विझू नये म्हणून त्यावर ती ओढत. म्हणून तिला हे नाव. आपले माणूस आम्ही इथे राखले. आता ते तुमच्या स्वाधीन करत आहोत.' खाली तिनं सही केली आणि हुद्दा लिहिला.

गवंड्यानं तो कागद वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

त्या दिवशी रांगेत मागे एक बाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मलाही एक लिहून द्या." संध्याकाळपर्यंत आत्यानं तो मजकूर चार वेळा लिहिला. महिन्याभरात ती रोज सकाळी आल्या आल्या सहा कागद लिहून ठेवायला लागली. भट्टीवाले काकांचं अक्षर तिच्यापेक्षा सुबक होतं, ते ट्रे निवेपर्यंत मदतीला बसायचे.

मग वरचे अधिकारी पाहणीला आले, 'अवशेष' छापलेला नवा नमुना घेऊन. खिडकीवरचे हातानं लिहिलेले कागद बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोणाच्या परवानगीनं वाटता?"

"कोणाच्याच नाही," आत्या म्हणाली. "लोक मागतात."

"तुमचं शिक्षण?"

"सातवी."

"आणि शब्दांची व्युत्पत्ती सांगता?"

"चूक असेल तर दाखवा, साहेब. लगेच फाडते."

अधिकाऱ्यांनी कागद नेला. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांनी तो खरंच भाषेच्या जाणकाराला दाखवला होता. कागद परत आला तेव्हा त्यावर लाल शाईची एकच खूण होती. 'किड' मधली वेलांटी दीर्घ हवी. बाकी मजकुराखाली लिहिलं होतं, 'बरोबर आहे'. आणि त्याच्याही खाली अधिकाऱ्यांच्या अक्षरात, 'नमुन्यात रक्षा हाच शब्द ठेवावा. हा मजकूर पावतीच्या मागे छापावा.'

साहेबांनी अभिनंदन म्हणून तिच्यापुढे पेढा धरला तर आत्या डोक्याला हात लावून बसलेली. "शंभरेक लोकांना मी चुकीची वेलांटी दिली," असं ती म्हणत होती. हे दुःख तिला आठवडाभर पुरलं.

छापील पावत्या आल्या. शहरात आणखी दोन दाहिन्या होत्या, तिथंही तीच पावती गेली. आत्याचं नाव कुठंच नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. वेलांटीसाठी मात्र तिनं पहिल्या गठ्ठ्यातली प्रत्येक पावती उलटून तपासली.

दोन वर्षांनी माझे मामा गेले. रक्षा आणायला आई स्वतः गेली, मी तिच्यासोबत होते. तोवर आईनं ती खिडकी पाहिलेली नव्हती. आत्या बाजूच्या दारानं बाहेर आली. तिनं आईला "वहिनी" म्हटलं नाही, दुसऱ्या कुणाशी बोलावं तसंच नाव, तारीख, नंबर वाचून दाखवला, बिल्ला दाखवला आणि मग डबा आईच्या हातात ठेवला. आईनं धरला. आत्यानं थोडा वेळ आपले हात खाली तसेच ठेवले. घरी आल्यावर आईनं पावतीची मागची बाजू दोनदा वाचली. तो निळ्या काठाचा कप त्यानंतर मला दिसला नाही. फुटला की आईनं टाकला, मी विचारलं नाही. बाबा शेवटपर्यंत "नगरपालिकेत आहे" असंच म्हणत राहिले, पण लोकांनी पुढे विचारलं तर सांगायचे, आणि चहाची घाई करायचे नाहीत.

गवंडी अधूनमधून यायचा. मांडणी लोखंडी होती, खालून गंजत चालली होती. एकदा त्यानं ती हलवून पाहिली आणि साहेबांना म्हणाला, "ही कधी तरी झोपणार." परवानगी मिळवायला सात महिने लागले, पण त्यानं चार रविवार खपून भिंतीत विटांचे कोनाडे बांधून दिले. प्रत्येक कोनाडा डब्याच्या मापाचा, वर नंबर कोरलेला. त्याचं काम आत्याला एवढं आवडलं की नवीन कुणी नोकरीला आलं की ती आधी त्यांना कोनाडे दाखवायची आणि मग हजेरीपट.

आत्या निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या वेळी तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या जागी येतायत त्यांचं गणित चांगलं आहे, मी बघितलंय. नंबरांची काळजी नको." एवढंच बोलून खाली बसली.

आता ती अडुसष्ट वर्षांची आहे. निवृत्तीनंतर तिनं मराठीचा एक कोश विकत घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, रोज दोन पानं, नाश्ता झाल्यावर. आम्ही आधी हसलो. आता आमच्या घरात कोणाचा कशावरून वाद झाला की तिला फोन जातो. माझ्या कॉलेजातले सहकारीसुद्धा "आत्यांना विचारा ना" म्हणतात. मी भाषा शिकवते. ती कशी शिकवायची हे मला कुठल्या शिक्षकानं दाखवलं असेल तर तिनंच, आणि हे मी वर्गात सांगते, तिच्या नोकरीसकट.

काल तिचा फोन आला. ती 'स' वर पोचली आहे.

"सावडणे बघितलंस का?" तिनं विचारलं. "राख गोळा करणं."

"हो, माहीत आहे."

"त्याच पानावर सावड आहे. शेतावर एकमेकांच्या मदतीला जायचं, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. दोन्ही एकाच मुळाचे असतील का?"

"कल्पना नाही, आत्या. असतील असं म्हणायला छान वाटतंय."

"छान वाटून काय उपयोग," ती म्हणाली. "मास्तरांसारखं होईल. दिसायला सारखे म्हणून लगेच नातेवाईक समजायचं नाही. गुरुवारी वाचनालयात जाऊन बघू. तू रिकामी आहेस ना?"

मी रिकामी नव्हते. वर्गावर दोन तास होते, एक बैठक होती. मी हो म्हटलं.